जमादाराचा खुराक

डोळे मिटा पाहू. मिटलेत? चोरून बघायचं नाही हं. आता असं समजा, की तुमच्या तळहातावर एक अंडं आहे. नुकतंच कोंबडीच्या पोटाखालून काढलेलं, ऊन ऊन. ते अलगद कानाशी धरा. काही ऐकू येतंय? नाही ना? मग मला सांगा, आत पिल्लू धरलंय की नुसतंच पिवळं-पांढरं आहे, हे तुम्ही कसं ओळखाल? फोडून पाहिलं तर पिल्लू मरेल. नाही फोडलं तर कळणार नाही. आणि असंही समजा, की तुमच्या उत्तरावर एका कोंबडीचा जीव टांगलेला आहे.

उघडा डोळे. हा प्रश्न खरोखर एका मुलीला पडला होता. तिचं नाव आशा. सन अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत ती दहा वर्षांची होती आणि चौथीत शिकत होती. हरसूलच्या बाजारापासून पायी तासाभरावर, ओहळाच्या पलीकडच्या टेकाडावर त्यांचं एकटंच घर होतं. बाकीचा पाडा ओहळाच्या अलीकडे. तिचा बाप हिरामण भात झोडून झाल्याबरोबर द्राक्षाच्या मळ्यात कामाला गेला होता, तो आता शिमग्यालाच येणार होता. घरात आई बयाबाई, आजा मंगळू आणि आशा. आणि हो, तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांना विसरून चालणार नाही, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

कोंबड्यांमध्ये काळी महाचोर. वाळत घातलेल्या भातात तिची मान सगळ्यांत आधी. भुरी इतकी भित्री, की पान पडलं तरी ओरडत खुराड्यात शिरायची. आणि तिसरी चितरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. चितरी आशाची. आशा शाळेतून यायच्या वेळेला ती बरोबर ओहळाच्या दगडावर येऊन उभी राहायची आणि आशाच्या पावलांमागे कुरकुर करत घरापर्यंत यायची. दिवसभर काय काय झालं ते सांगत असावी.

कोंबड्याचं नाव जमादार. छाती पुढे काढून, मान मागे टाकून, एक एक पाऊल मोजून टाकायचा, म्हणून हे नाव. पण जमादार साधा कोंबडा राहिला नव्हता. श्रावणात आजाचा बैल जंगलात हरवला, तीन दिवस सापडेना, तेव्हा आजानं हात जोडले होते, "वाघदेवा, माझा बैल माघारी दे. तुला कोंबडा वाहीन." चौथ्या दिवशी बैल आपल्या पायांनी घरी आला, शिंगाला वेल गुंडाळून. जमादार तेव्हा कोवळा होता, नुकता आरवायला शिकलेला. म्हणून आजानं येत्या नाही, त्याच्या पुढच्या वाघबारशीचा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाला पुजतात त्या दिवसाचा, वायदा केला.

त्या दिवसापासून जमादाराचं नशीबच पालटलं. पडवीतल्या खांबाला मऊ चिंधीनं त्याचा पाय बांधला गेला, म्हणजे कोल्ह्यानं नेऊ नये. त्याच्यासाठी वेगळी परात आली. त्यात दिवसातून तीन वेळा पांढरा तांदूळ पडायचा. "देवाचा कोंबडा हाय," आजा म्हणायचा, "वाघदेवाला हलका कोंबडा वाहू का?" संध्याकाळी घटकाभर त्याला मोकळं सोडायचे, तेव्हा कोंबड्या त्याच्या आसपास फिरायच्या आणि जमादार दहा पावलं चालून खाली बसायचा. पाच महिन्यांत तो भोपळ्यासारखा झाला. आजा त्याला उचलायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "धर, बघ वजन!"

बाकीचे कोंबडे आईनं बाजारात काढले होते. घरात कोंबडा उरला होता तो हा एकच.

आता दुखणं कुठं होतं ते ऐका. दिवाळीच्या सुमाराला चितरी रवणीला बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली. तिघींची मिळून दहा अंडी आईनं तिच्याखाली ठेवली. चितरी इमानानं बसली. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि पळत माघारी. एकवीस दिवस गेले, चोवीस गेले. एक पिल्लू निघालं नाही.

त्याच सुमाराला पाड्यावर यादवतात्या कोंबड्यांना लस टोचायला आले. हरसूलच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. मूळचे गोदाकाठच्या सायखेड्याचे, पण आता वीस वर्षं या डोंगरात काढलेली. आईनं गाऱ्हाणं सांगितलं, तशी त्यांनी पिशवीतून ताकदीच्या औषधाची बाटली काढून दिली. "पाण्यात दहा थेंब. घरातल्या सगळ्या पाखरांना द्या, महिनाभर."

आईनं नेमानं दिलं. काळीला दिलं, भुरीला दिलं, चितरीला तर दोन थेंब जास्तच. जमादाराला देण्याचा प्रश्नच आला नाही. एक तर अंडी काय तो घालतो? आणि दुसरं, देवाच्या कोंबड्याला बाटलीतलं कोण पाजील?

औषधानं गुण दाखवला. कोंबड्यांचे तुरे लालभडक झाले. अंडी मोठी झाली, कवच टणक झालं. डिसेंबरात चितरी पुन्हा बसली, या खेपेला अकरा अंड्यांवर. आशानं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढली. एकवीस रेघा झाल्या. बावीस. पंचवीस.

पुन्हा काहीच नाही.

"बास झालं आता," आई म्हणाली. "हिच्या पोटाला ऊबच नाय. शिमग्याला तुझा दत्तूमामा येतोय, तवा हिचाच रस्सा करायचा."

"आये, नको ना! अजून एकदा बसू दे तिला."

"दोनदा बसली ना? एकवीस अंडी नासवली. ती अंडी तू खाल्ली असतीस तर अंगाला लागली असती."

"एकदाच, आये. शिमग्याच्या आत."

आईनं चितरीकडे पाहिलं. चितरी रिकाम्या पाटीत पुन्हा बसायला निघाली होती, पेंढा चोचीनं नीट करत. आईचा आवाज थोडा उतरला. "बरं. शिमग्याच्या दिवसापोत पिल्लं निघाली तर तिला हात नाय लावायची. नाय निघाली, तर रडायचं नाय. कबूल?"

"कबूल," आशा म्हणाली.

या खेपेची अकरा अंडी आशानं उकिरड्याकडे नेली आणि नाक दाबून एक एक फोडली. तिला पाहायचं होतं, पिल्लं कुठल्या दिवशी मेली ते. काळीची अंडी पांढरट, भुरीची लांबुळकी, चितरीची तपकिरी. तिला लांबूनही ओळखू यायची. दहा फोडली. अकरावं तिनं चिंधीत गुंडाळलं आणि बाजाराच्या दिवशी आईबरोबर हरसूलला घेऊन गेली.

आई मिठा-मिरचीच्या दुकानापाशी थांबली आणि आशा तडक दवाखान्यात शिरली. यादवतात्या एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. चष्मा दोऱ्यानं कानांना बांधलेला.

"तात्या, तुमचं औषध खोटं हाय."

तात्यांनी मान वर केली नाही. शेळीला म्हणाले, "ऐकलंस का गं? आता तू पण सांग काय ते." मग पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि स्टुलावर बसले. "हं. बोला, मास्तरीणबाई."

आशानं चिंधी सोडली आणि सगळं सांगितलं. तात्यांनी ते अंडं एका वाटीत फोडलं. वास आला, पण दोघंही हटली नाहीत.

"काय दिसतंय?"

"नासलंय."

"ते नाक सांगतंय. डोळ्यांना विचार. रक्त दिसतंय का? शीर? पिल्लाचा डोळा, पंख, काही?"

आशानं वाकून पाहिलं. "नाय. नुसतंच पाणी अन् पिवळं."

"बाकीच्या दहांत?"

तिनं आठवलं. "त्यांच्यात पण नव्हतं."

"मग पिल्लं मेली नाहीत, पोरी. धरलीच नव्हती. मरायला आधी असावं लागतं." तात्यांनी खिशातून भाताची एक लोंबी काढली, वाटेत कुठल्या तरी पेंढ्यातून ओढली असणार. दोन दाणे चिमटीत दाबले. एकातून तांदूळ निघाला. दुसरा पोकळ फुटला. "हा पोचट दाणा शेतात पेरून, पाणी घालून, रात्रंदिवस राखण केली तर उगवेल?"

"कसा उगवंल? आत कायच नाय."

"मग राखण करणाऱ्याचा दोष की दाण्याचा?"

आशाचे डोळे मोठे झाले. "म्हंजे चितरीची ऊब नाय असं नाय?"

"ती बिचारी पोचट दाण्यांची राखण करत बसली. आता मला सांग, ती अकरा अंडी कोणाकोणाची होती?"

"तिघींची. काळीची चार, भुरीची तीन, चितरीची चार."

"तिघींचीही पोचट?"

"तिघींची."

"तिघींना औषध दिलं, तिघींची अंडी मोठी झाली, टणक झाली, तरी पोचट. मग तिघींमध्ये सारखं काय आहे?"

आशानं विचार केला. खुराडं सारखं. पाणी सारखं. पण ते तर मागच्या वर्षीही होतं आणि तेव्हा पिल्लं झाली होती. "तुम्हीच सांगा ना, तात्या."

"मी सांगितलं तर ते माझं उत्तर झालं. घरी जा, पडवीत बस आणि बघ. सापडलं की पुढच्या बाजाराला ये."

आता तुम्ही हसताय, कारण तुम्हाला आधीच कळलंय. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तूच कधी कधी सगळ्यांत उशिरा दिसते. आशा घरी आली आणि पडवीत बसली. काळी आली, भातात तोंड घालून गेली. भुरी आली, उगाच घाबरून गेली. चितरी येऊन तिच्या पायाशी बसली. आणि समोर खांबाशी जमादार पांढरा तांदूळ खात होता. खाऊन झाल्यावर त्यानं उठायचा प्रयत्न केला. एकदा. दोनदा. मग तो विचार त्यानं सोडून दिला.

आशा ताडकन उभी राहिली.

दुसऱ्या बाजाराला ती पळतच दवाखान्यात गेली आणि एका दमात जमादाराचं सगळं सांगितलं. तात्यांनी टाळी वाजवली. "शाबास! कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देते, पण त्यात पिल्लू धरायला कोंबड्याचं बी लागतं. आणि बी काही आभाळातून येत नाही, खाण्यातून बनतं. पांढऱ्या तांदळानं पोट भरतं, चरबी वाढते, पण बी कमजोर पडतं. मोकळा कोंबडा दिवसभर काय काय खातो?"

"किडे, नाकतोडे, वाळवी, हिरवा पाला, पडलेले दाणे..."

"यातलं जमादाराला काय मिळतं?"

"कायच नाय," आशा म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "पण तात्या, त्याला बाटलीतलं चालायचं नाय. तो देवाचा हाय. आजा हात लावू द्यायचा नाय."

"तर मग बाटली विसरू. ई नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते कोंबड्याच्या बियाला फार लागतं. ते माझ्या बाटलीत आहे, तसंच मोड आलेल्या दाण्यातही असतं. हिरव्या पाल्यात दुसरं एक असतं. पण लक्षात ठेव, मोड रोज मूठभर, टोपलंभर नाही. जास्त दिलं म्हणजे जास्त गुण, असं खाण्यात नसतं. आणि धीर धर. नवं बी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आज खाल्लं आणि उद्या पिल्लू, असं होत नाही."

ती निघताना त्यांनी तिला एक पुठ्ठा दिला, मधोमध रुपयाएवढं भोक पाडलेला, आणि त्याचं काय करायचं ते कानात सांगितलं. ते आपण नंतर पाहू.

आता खरी चढण होती ती आजाची.

"काय?" मंगळू आजा खाटेवरून उठूनच बसला. "माझ्या जमादारात खोट? बघ त्याचा तुरा! बघ त्याचं वजन! पाड्यात हाय का असा कोंबडा?"

"आजा, तो दहा पावलं चालला की बसतो."

"मी पण बसतो. मग मी कामातून गेलो का?"

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. आजानं ते पाहिलं आणि तो आणखी तापला. "बांधलेलाच राहील तो. तांदूळच खाईल. फिरला की वाळंल. मग वाघदेवाला काय हाडं वाहू?"

"बाबा," आई म्हणाली, "वाघदेव काय तराजू घेऊन बसलाय व्हय?"

आशानं संधी साधली. ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली.

"आजा, नवीन नागली निघाली की आधी कोणाला दाखवता?" नागली म्हणजे आपली नाचणी.

"देवाला. हे काय इचारणं झालं?"

"म्हंजे नागली देवाला चालते."

"चालते म्हंजे? नागलीबिगर देवाचं काय होतं?"

"अन् बाळंतिणीला मोड आलेली नागली कशाला देतात?"

"अंगात ताकद यायला. दूध यायला." आजा बोलून गेला आणि थांबला. नातीकडे तिरक्या नजरेनं पाहू लागला. "तू मला कुठं नेतीयास, पोरी?"

"कुठंच नाय. देवाची नागली, देवाचा कोंबडा. बाटली नाय, काय नाय. अन् मोकळा सोडला तर कोल्ह्याची राखण मी करीन. शाळंतून आल्यावर."

"अन् शाळंत असताना?"

हे मात्र आशानं ठरवलं नव्हतं. ती चितरीकडे पाहत राहिली. आजानंही पाहिलं. चितरी दाराशी उभी राहून मान वाकडी करून दोघांकडे बघत होती, जणू तिलाच निकाल हवा होता.

"बरं, बरं," आजा खाकरला. "सकाळी मी बसतो राखणीला. पण पावशेर जरी वजन घटलं, तर बघ."

पावशेर? बाळांनो, पहिल्या आठवड्यातच अर्धा शेर घटलं असेल. आईनं नागली भिजवून फडक्यात बांधली. दोन दिवसांत तिला पांढरे केसांसारखे मोड आले. ती परातीत पडली तेव्हा जमादारानं आधी तिच्याकडे, मग आजाकडे पाहिलं, माझा तांदूळ कुठंय म्हणून. दिवसभर रुसून बसला. दुसऱ्या दिवशी काळी येऊन त्याच्या परातीतली नागली गट्ट करू लागली, तेव्हा मात्र त्याच्यानं राहवेना. शेवग्याचा पाला बारीक करून टाकला, तोही गेला. पायाची चिंधी सुटली. पहिल्या नाकतोड्यामागे धावताना जमादार तोंडावर आपटला आणि उठून असा चालू लागला, जणू पडलाच नव्हता.

आजा काठी घेऊन त्याच्या मागे. "हळू रं जमादार! अरे, वारुळाकडं नको!" खाटेवर बसून राखण करायची असं ठरलं होतं, पण कोंबडा एका जागी थांबेल तर ना! ओहळापर्यंत जा, आंब्याखाली ये, उकिरड्याला वळसा घाल. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "बाबा, तुमचे गुडघे दुखायचे ना? आताशा ऐकू येत नाय तुमचं कण्हणं." आजा म्हणाला, "दुखायला सवड कुठंय?"

आणि एका सकाळी जमादार खुराड्याच्या छपरावर उडून बसला आणि असा आरवला, की पाड्यातून दुसऱ्या कोंबड्यानं उत्तर दिलं.

इकडे चितरी पुन्हा अंड्यावर आली होती. आशानं सुरुवातीची अंडी आईला भाजीला दिली, कारण तात्यांचे तीन आठवडे भरायचे होते. त्यानंतरची मात्र एक एक करून थंड जागी, नागलीच्या भुशात ठेवली. फेब्रुवारीत चितरी तिसऱ्यांदा बसली. अकरा अंडी. आशानं बोटांवर दिवस मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. एकविसावा दिवस नेमका शिमग्याचा होता.

सातव्या दिवशी तिनं तो पुठ्ठा बाहेर काढला. दुपारची वेळ. घराच्या आतल्या कोपऱ्यात कणगीमागे अंधार असतो, तिथं तिनं घोंगडी पांघरली, बापाची बॅटरी लावली आणि तिच्या तोंडावर पुठ्ठा धरला. भोकातून उजेडाचा एकच दांडा निघाला. त्यावर अंडं ठेवायचं, हेच तात्यांनी कानात सांगितलं होतं.

"काय चाललंय?" घोंगडीत आजाचं डोकं शिरलं. मग आईचंही.

पहिलं अंडं भुरीचं. उजेड आरपार गेला. अंडं कंदिलाच्या काचेसारखं नुसतंच पिवळं उजळलं. आत काही नाही. आशानं ते बाजूला ठेवलं.

दुसरं काळीचं. आशानं ते भोकावर ठेवलं. आत एक काळसर ठिपका होता आणि त्याच्या चारी बाजूंना लाल, बारीक शिरा पसरल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आणि तो ठिपका हलला. अगदी इवलासा, पण हलला.

"आगं बया," आई कुजबुजली.

"माझा जमादार!" आजा एवढ्या मोठ्यानं ओरडला, की घोंगडी खाली पडली आणि बाहेर भुरी ओरडत खुराड्यात शिरली.

अकरांपैकी आठ अंड्यांत जाळं होतं. चितरीची चारच्या चार. उरलेली तीन बाजूला काढली. आईनं अंडी परत ठेवताना चितरीच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. "उगा बोलले मी हिला," ती म्हणाली, कोणाकडे न बघता. मग लगेच आवाज कडक करून, "पण करार तो करार. जाळं म्हंजे पिल्लू नव्हं. शिमग्याच्या दिवसापोत."

पुढच्या बाजाराला तात्याही तेच म्हणाले. जाळं दिसलं म्हणजे अर्धी वाट झाली. पुढची अर्धी चितरीची. मग आशानं चितरीच्या पाटीजवळ पाणी ठेवलं, मोड ठेवले, काळीला हाकललं आणि भिंतीवर रेघा ओढल्या.

शिमग्याचा दिवस उजाडला. पाड्यात पोरं लाकडं गोळा करत ओरडत होती. सकाळपासून आशानं चार वेळा पाटीत डोकावलं. काही नाही. आईनं पाट्यावर मसाला वाटायला घेतला. आशा रडली नाही, कारण तसं तिनं कबूल केलं होतं.

दुपारी ती पुन्हा गेली. चितरी हलेना. आशानं तिच्या पोटाखाली हात घातला, एक अंडं काढलं आणि कानाशी धरलं.

टक.

तिनं अंडं आणखी जवळ धरलं. टक, टक. आणि मग आतून, फार लांबून आल्यासारखं, चिव.

"आये!"

पाटा-वरवंटा तिथंच राहिला. आई धावली, आजा काठी विसरून धावला. तिन्ही डोकी पाटीवर वाकली, तोवर चितरीच्या पंखाखालून एक ओलं, पिवळं-काळं डोकं बाहेर आलं आणि त्यानं तिघांकडे पाहून घेतलं. संध्याकाळपर्यंत सात झाली. आठवं रात्रीच्या भाकरीच्या वेळेला आलं. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते.

वाटलेला मसाला आईनं उडदाच्या आमटीत घातला.

दिवेलागणीला हिरामण आणि त्याच्याबरोबर तिथंच कामाला असलेला दत्तूमामा द्राक्षाच्या मळ्यातून पोचले. मामानं ताटलीत बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ताई, वास कोंबडीचा अन् ताटात उडीद? चिठ्ठीत तर रस्सा लिवला होता!"

"रस्सा पाटीत बसलाय," आजा म्हणाला. "आठ लेकरं घेऊन." आणि त्यानं जमादाराची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. त्याच्या गोष्टीत सगळं आजानंच शोधून काढलं होतं. आशा हसत ऐकत राहिली. शेवटी आजानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "अन् ही आपली बॅटरी धरायला."

मामा भाकरी मोडत म्हणाला, "तुमचं नशीब. घरून निरोप आलाय, माझी तांबडी तिसऱ्यांदा अंडी नासवून बसलीय. वांझोटीच हाय ती. परवा घरी गेलो की बाजारात काढतो."

आशाचा घास हातातच राहिला. तिनं तो खाली ठेवला, हात धुतला आणि खुंटीवरची बापाची बॅटरी काढली. भोकाचा पुठ्ठा तिला रबरानं बांधला. मग फडक्यातली मोड आलेली नागली चांगली ओंजळभर एका चिंधीत बांधली आणि मामाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आधी मला सांग, तुझा कोंबडा काय खातो?"